झग्यावरचा थेंब

एंजलच्या कपाळावरचं बाप्तिस्म्याचं पाणी अजून पुरतं वाळलंही नव्हतं, तोच तिचे आजोबा भरल्या पंगतीतून खाली गेले.

पडले, असं सिल्व्हियाला पुढेही कधी म्हणता आलं नाही. मांडीवर पाच महिन्यांची लेक घेऊन ती सासऱ्यांच्या समोरच बसली होती. लेक झाल्यापासून तिच्या डोळ्यांना एक खोडच जडली होती. चार माणसांत बसली तरी कोण शिंकलं, कोण खोकलं, कुणी न धुतलेल्या हाताने पोरीचा गाल ओढला, याच्यावर तिची नजर फिरत राहायची. त्यामुळे तिने सगळं क्रमाने पाहिलं. कृपादान पाटोळ्यांनी तोंडाशी नेलेला भाताचा घास परत ताटात ठेवला. मागून कुणी थोपटल्यासारखा डाव्या खांद्यावर हात नेला. शेजारी बसलेल्या पाळकसाहेबांकडे काहीतरी सांगायला वळले, आणि सांगायचं राहूनच गेलं. खुर्चीवरून ते इतके सावकाश घसरले की पलीकडच्या दोघातिघांना वाटलं, म्हाताऱ्याचा चमचा पडला असेल.

चर्चच्या हॉलमध्ये त्या वेळी अख्खी मंडळी जेवत होती. रश्श्याची बादली घेतलेला वाढपी ‘रस्सा, रस्सा’ करत त्यांच्या रिकाम्या खुर्चीवरून तसाच पुढे गेला. मरियमबाई ओरडल्या नाहीत. त्या टेबलाखाली वाकल्या आणि नवऱ्याच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण काढायला लागल्या. ते बटण त्यांना काही केल्या निघेना.

गाडी कुणी आणली, पाय कुणी धरले, हे सिल्व्हियाला नंतर आठवलं नाही. आठवत राहिला तो कॅन्टोन्मेंटच्या फाटकापाशी संपता न संपणारा लष्करी ट्रकांचा तांडा. एडविन, तिचा नवरा, हॉर्नवर हात ठेवून बसला होता आणि हॉर्न वाजतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. भिंगार ते नगर म्हणजे एरवी बोलता बोलता सरणारा रस्ता. मागच्या सीटवर मरियमबाईंच्या मांडीत पप्पांचं डोकं होतं आणि त्या सारखं एकच विचारत होत्या, ‘अहो, ऐकू येतंय ना?’ सिल्व्हिया पुढे, तिच्या कुशीत एंजल. अंगावर पिणारं लेकरू कुणाच्या ओटीत टाकून यायचं? पोर आली ती तशीच, बाप्तिस्म्याच्या झग्यासकट.

त्या झग्याचा मान पाटोळ्यांच्या घरात मोठा. कृपादानांची आजी जामखेडकडच्या खेड्यापाड्यांतून बैलगाडीने फिरून बायकांना बायबल वाचून दाखवायची. तिने तो हाताने शिवलेला. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लेकराचा बाप्तिस्मा त्याच झग्यात झाला होता आणि आतल्या काठाला प्रत्येकाच्या नावाचं पहिलं अक्षर पांढऱ्या दोऱ्याने काढलेलं होतं. झगा सांभाळायचा घरच्या थोरल्या लेकीने, म्हणून तो आता जामखेडला बनुबाईंच्या, म्हणजे कृपादानांच्या विधवा थोरल्या बहिणीच्या पेटीत असायचा. आणि पाळकासमोर लेकरू धरायचं ते घरातल्या सगळ्यात वडील पुरुषाने. नावही त्यानेच सांगायचं. तासाभरापूर्वीच कृपादानांनी ते सांगितलं होतं, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. ‘एंजल.’

*

दवाखान्यात त्यांना स्ट्रेचरवरून आत नेलं आणि दार लागलं. मागच्या गाडीतून रॉबिन, एडविनचा थोरला भाऊ, बनुबाईंना घेऊन पोचला. रॉबिन चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर. दहा माणसांना कामाला लावायची सवय असलेला माणूस, पण इथे त्याला हुकूम द्यायला कुणीच सापडेना. शेवटी त्याने एडविनलाच विचारलं, ‘कार्डिओग्राम काढला का?’

‘काढतायत.’

‘काढतायत म्हणजे?’

एडविन बंद दाराकडे वळला. या दोन भावांत नाताळच्या आठवड्यापासून धड बोलणं नव्हतं. त्या आठवड्यात पप्पांना पहिला झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी तासाभरात स्टेंट घालायला हवा म्हणून सांगितलं आणि एडविनने रॉबिनच्या फोनची वाट न बघता होकार दिला. पप्पा वाचले. पण रॉबिन पुण्याहून आला तो ‘मी काय या घरचा पाहुणा आहे का’ असं म्हणतच. पप्पांच्या उशाशी उभं राहून त्याने एडविनला ऐकवलं होतं की मोठं शहर तीन तासांवर असताना तुला इथेच घाई सुचली. तेव्हा पप्पांनी डोळे मिटून घेतले होते, आणि झोप लागली असं सगळे धरून चालले होते.

डॉक्टर बाहेर आले. हेच ते नाताळातले डॉक्टर. तरुण, बोलताना चष्मा काढून हातात धरणारे. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. ‘पुन्हा झटका आलाय आणि पहिल्यापेक्षा मोठा आहे. ज्या नळीत आपण स्टेंट बसवला होता, तीच बंद पडलेली दिसतेय. बहुतेक स्टेंटच्या आत रक्ताची गुठळी झालीय.’

स्टेंटच्या आत. सिल्व्हियाने ते शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. ती बी.एस्सी. झालेली, घरात येणाऱ्या प्रत्येक औषधाच्या खोक्यातला कागद उलगडून वाचणारी. तरी तिच्या मनात इतके दिवस असंच होतं की स्टेंट बसला म्हणजे फाटकी वाहिनी रफू झाली. रफू केलेल्या जागीच पुन्हा टर्रकन फाटेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत ना?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘दोन्ही?’

‘चालू आहेत,’ मरियमबाई म्हणाल्या.

‘मम्मी स्वतः देते,’ एडविन म्हणाला. ‘रोज नाश्त्यानंतर आणि रात्री.’

‘एकही चुकली नाही?’

मरियमबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला. ‘नाही.’

डॉक्टरांनी चष्मा पुसला. ‘मग जरा अवघड आहे. गोळ्या नेमाने चालू असताना गुठळी झाली, म्हणजे एक तर हे औषध त्यांना लागू पडत नाहीये. किंवा आत स्टेंटच कुठे नीट उघडलेला नाही, कड दुमडलीय, असं काहीतरी. ते आत जाऊनच बघावं लागेल. आत्ता, लगेच.’

आत जायचं म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं. मांडीतून तार घालायची, गुठळी ओढून घ्यायची, फुग्याने जागा मोकळी करायची, लागलं तर दुसरा स्टेंट. यात धोके आहेत आणि ते या वेळी जास्त आहेत. नळीला चीर जाऊ शकते. गुठळीचा तुकडा मेंदूकडे सरकला तर लकवा. मागच्या वेळी नळी दिसावी म्हणून रक्तात सोडलेल्या डायमुळे किडनीचे आकडे वर गेले होते, ते पुन्हा जाऊ शकतात. जोरदार औषधं द्यावी लागणार, त्याने रक्तस्राव. टेबलावरच काही होऊ शकतं. ‘आणि केलं नाही तर काय होईल, ते मला सांगायला नको,’ असं म्हणून ते थांबले.

‘स्टेंट नीट उघडलेला नाही,’ रॉबिनने तेवढंच उचललं. ‘म्हणजे तुम्हीच बसवलेला.’

‘असू शकतो, म्हटलं मी. पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.’

‘आणि तो बघायला पुन्हा तुमच्याच हातात द्यायचं.’

डॉक्टर चिडले नाहीत, आणि त्यामुळे रॉबिन जास्त चिडला. त्याने फोन काढला. पुण्याला त्याच्या ओळखीचा एक मोठा दवाखाना होता. ॲम्ब्युलन्स बोलवतो, ऑक्सिजनवाली, रात्र व्हायच्या आत पोचू. डॉक्टर म्हणाले, वाटेत काही झालं तर ॲम्ब्युलन्समध्ये कुणाला काही करता येणार नाही, माझा सल्ला विचाराल तर हलवू नका. पण नातेवाईकांची मर्जी. एवढं बोलून ते आत गेले, आणि जाता जाता दारातून म्हणाले, ‘ठरवा. पण बसून ठरवू नका.’

*

मग कॉरिडॉरमध्ये ते सुरू झालं, जे नाताळापासून साठत आलं होतं.

रॉबिनचं म्हणणं, एकदा यांच्यावर भरवसा ठेवला, त्याचं फळ समोर आहे. एडविनचं म्हणणं, पप्पांना आत्ता रस्त्यावर काढणं म्हणजे मारणं. रॉबिन म्हणाला, मारायचं ते तू नाताळातच ठरवलंस. हे तो दबक्या आवाजात बोलला, आणि दबक्या आवाजातलं ते बोलणं एडविनच्या वर्मी बसलं.  नाताळाच्या त्या सकाळपासून त्यालाही आतून हीच शंका खात होती, हे फक्त सिल्व्हियाला ठाऊक होतं. रात्री उठून तो बापाच्या खोलीच्या दारात उभा राहायचा, श्वास चालू आहे का ऐकत. ती लेकीच्या पाळण्यापाशी, तो बापाच्या दारापाशी. घरात दोघं जागे असायचे आणि एकमेकांना विचारायचे नाहीत.

‘मम्मी, तू सांग,’ एडविन म्हणाला. ‘तुझा शब्द शेवटचा.’

मरियमबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही. ‘रॉबिन थोरला आहे. तो म्हणेल तसं.’

सिल्व्हिया चकित झाली. धाकट्याकडे राहणाऱ्या, त्याच्याच हातचा चहा घेणाऱ्या या बाईने आजवर एडविनचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. बनुबाईंनीही मान डोलावली. ‘पुन्याला न्या. हितल्यानी एकडाव हात लावला, आता काय न्हाई लावू द्यायचा. माज्या भावाच्या काळजात लोखंड घातलं यांनी.’

‘लोखंड नाही आत्या,’ एडविन थकून म्हणाला.

‘मग काय हाय? लाकूड हाय?’

सुनेला कुणी विचारलं नाही, आणि सिल्व्हियालाही बोलायला जागा दिसेना. एंजल कुरकुरायला लागली होती. तिने तिला पलीकडच्या रिकाम्या बाकावर नेलं. लंगोट भिजून झग्याची मागची बाजू ओली झाली होती. तिने तो अलगद काढला, स्वतःच्या खांद्यावर टाकला, आणि पिशवीतलं साधं झबलं पोरीच्या डोक्यातून घालताना तिची बोटं पोरीच्या हनुवटीला लागली.

हनुवटी.

आज सकाळी पप्पांची हनुवटी स्वच्छ होती.

आधी तिला कळेना की हे आत्ता का आठवावं. मग कळलं आणि तिचे हात झबल्यातच थांबले. दवाखान्यातून घरी आल्यापासून पप्पांना दाढी करणं म्हणजे संकट झालं होतं. ब्लेड जरा लागलं की रक्त थांबायचं नाही. त्यात ते जुन्या वळणाचे, इलेक्ट्रिक मशीन हातात धरणार नाहीत. मग हनुवटीला कापसाचे बोळे चिकटवून, पेपर घेऊन दुपारपर्यंत बसून राहायचे. एडविन त्यांना हसून म्हणायचा, पप्पा, आज कापसाचं पीक बरं आलंय. दंडावर निळे-काळे डाग, नाकातून मधूनच एखादा थेंब. गोळ्यांमुळे होतं हे, घाबरायचं नाही पण गोळ्या वर्षभर बंद करायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि आज चर्चला निघताना पप्पा आरशासमोरून वळले, तेव्हा गालाखाली ब्लेडचा ताजा, बारीक ओरखडा होता. कोरडा. कापूस नव्हता. तिने तो पाहिला होता आणि तिला बरंच वाटलं होतं. आज चेहरा कसा छान दिसतोय, असं ती त्यांना म्हणालीही होती. त्यावर ते लहान मुलासारखे हसले होते.

*

पाण्याच्या फिल्टरपाशी मरियमबाई एकट्या उभ्या होत्या. ग्लास भरून वाहत होता आणि त्यांनी नळ बंद केला नव्हता. सिल्व्हियाने तो बंद केला.

‘मम्मी, गोळ्या बंद होत्या ना?’

मरियमबाईंनी ग्लास ठेवला.

‘कधीपासून?’

‘बुधवारपासून,’ त्या म्हणाल्या. इतक्या सहज, की कुणी विचारण्याचीच वाट बघत असाव्यात. ‘त्या दोनच. बाकीच्या दिल्या. बीपीची दिली, साखरेची दिली. ते म्हणाले, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, रविवारी जेवण झालं की घेतो. मी नको म्हणाले. मग म्हणाले, तू दिलीस तरी मी थुंकून टाकीन.’

‘पण का?’

मरियमबाईंनी पहिल्यांदाच सुनेच्या डोळ्यांत पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर सिल्व्हियाला सोसला असता.

‘मंगळवारी झगा घालून बघितला, ते विसरलीस?’

नव्हती विसरली. बनुबाईंनी जामखेडहून आणलेला झगा कडुनिंबाच्या पाल्यातून काढला, एंजलला घातला, आणि पाळकासमोर कसं धरायचं म्हणून पप्पांनी तिला हातावर घेतलं. सगळे हसत होते. आणि पप्पांच्या नाकातून एक थेंब, एकच, झग्याच्या गळपट्टीवर पडला. बनुबाई म्हणाल्या होत्या, ‘आत्ता गं बया, झग्यावर रगत. हे काय बरं न्हाई.’ पण त्याच्याही आधी सिल्व्हियाचे हात पुढे गेले होते. तिने लेक ओढून घेतली होती, पेटत्या चुलीपुढून ओढावी तशी. थंड पाण्यात मीठ टाकून डाग लगेच निघाला. तिने दोनदा साबणाने पोरीची मान धुतली. आणि तिच्या दृष्टीने विषय संपला होता.

‘तू पोर ओढून घेतलीस तेव्हा त्यांचा चेहरा बघितलास का?’ मरियमबाई म्हणाल्या. ‘सगळ्यांवर नजर असते तुझी. तेवढंच बघितलं नाहीस. रात्री मला म्हणाले, मरियम, पाळकासमोर माझं नाक वाहिलं तर ती पोर माझ्या हातून भर चर्चमध्ये काढून घेईल.’

 कुणीतरी स्ट्रेचर घेऊन आलं, ‘बाई, बाजूला’ म्हणालं, आणि सिल्व्हियाला बाजू कुठली ते समजेना.

‘मी आत्ताही डॉक्टरला खोटं बोलले,’ मरियमबाई म्हणाल्या. ‘एडविन काय म्हणेल मला? स्वतःच्या हाताने नवरा मारला म्हणेल. रॉबिन पुण्याला नेतो म्हणाला, तर मला वाटलं, नेऊ दे, निदान इथे कुणी विचारणार नाही.’

 मग सिल्व्हियाच्या लक्षात आलं की आत पप्पांच्या छातीत एक नळी बंद पडून आहे, आणि बाहेर दोन बायका आपापली लाज कडेवर घेऊन उभ्या आहेत. तिने एंजलला मरियमबाईंच्या हातात दिलं.

‘चला. दोघी सांगू.’

*

दार तिनेच ठोकलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा रॉबिनच्या कानाला फोन होता. ॲम्ब्युलन्स पत्रकार चौकापर्यंत आली होती.

‘गोळ्या बुधवारपासून बंद आहेत,’ सिल्व्हिया म्हणाली. ‘रक्त पातळ करणाऱ्या, दोन्ही. नाकातून रक्त येत होतं, म्हणून त्यांनीच बंद केल्या. त्याआधी एकही चुकली नव्हती.’

डॉक्टरांनी डोळे मिटून उघडले. ‘नक्की?’

‘नक्की,’ मागून मरियमबाई म्हणाल्या. ‘मीच देत नव्हते.’

रॉबिनच्या फोनमधला ड्रायव्हर ‘हॅलो, साहेब, डावीकडं घेऊ का’ म्हणतोय ते सगळ्यांना ऐकू आलं.

‘हे आधी सांगायला हवं होतं,’ डॉक्टर म्हणाले. पण त्यांचा आवाज बदलला होता. स्टेंट नवा असतो तेव्हा शरीर त्याला परकं मानतं, आतून पातळ साल धरेपर्यंत रक्त त्यावर गोठायला टपलेलं असतं. या गोळ्या म्हणजे त्या रक्ताला घातलेला पहारा. पहारा उठला, गुठळी झाली. औषध कुचकामी नव्हतं आणि स्टेंट वाकडा असण्याची शक्यताही आता कमी. म्हणजे काय करायचं ते निदान मला ठाऊक आहे, ते म्हणाले. धोके तेच आहेत, एकही कमी झाला नाही. पण अंधारात चाचपडायला नको.

रॉबिन आईकडे बघत होता. सिल्व्हियाला वाटलं, आता फुटणार हा. पण त्याचे खांदे खाली आले. तो म्हणाला, ‘मम्मी, मला फोन तरी करायचास.’

‘तुला केला असता तर तू एडविनला बोलला असतास,’ मरियमबाई म्हणाल्या. ‘तुम्हा दोघांत मी काय काय सांगायचं?’

 रॉबिनने फोन कानाला लावला आणि ड्रायव्हरला परत जायला सांगितलं. मग एडविनकडे न बघता, त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, ‘मम्मीला सही करू दे. आपण दोघं मागे आहोत, असं सांग डॉक्टरांना.’

मरियमबाईंनी सही केली. बनुबाईंनी त्यांच्या कोपराला धरलं होतं. सही झाल्यावर बनुबाई खाली बसल्या, एकदम, भिंतीला टेकून. ‘मीच म्हनलं हुतं,’ त्या पुटपुटल्या. ‘बरं लक्षन न्हाई म्हनून. त्येच्या मनात म्याच घातलं.’

त्यांना खरंखोटं सांगत बसायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. सिल्व्हिया त्यांच्या शेजारी बसली, एवढंच.

*

पाळकसाहेब आले, हॉलमधले दोघंतिघं वडीलधारे आले, हळू आवाजात प्रार्थना झाली. सिल्व्हियाने डोळे मिटले, पण तिच्या मिटल्या डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं: लेक ओढून घ्यायला पुढे झालेले तिचे हात, आणि त्यामागे तिने न पाहिलेला एक चेहरा. तो चेहरा कसा दिसला असेल, हे ती पुन्हा पुन्हा बनवून बघत होती. तिला तो बनवता येत नव्हता.

ऊन खिडकीवरून उतरलं तेव्हा डॉक्टर आले. गुठळी निघाली होती. नळी उघडली होती. मध्येच हृदयाचे ठोके भरकटले, दोनदा शॉक द्यावा लागला. हे त्यांनी सांगितलं तेव्हा एडविन खुर्ची शोधू लागला. मांडीतून तार घातली तिथलं रक्त लवकर थांबत नाहीये, माणूस दाबून बसलाय. किडनीचं उद्या-परवा कळेल. हृदयाचा किती भाग मेला, तेही आत्ता सांगता येणार नाही. ‘आत्ता आहेत,’ ते म्हणाले. ‘एवढंच म्हणेन. शुद्धीवर आहेत. बोलू देऊ नका. एकानेच जायचं.’

सगळ्यांनी मरियमबाईंकडे पाहिलं. मरियमबाईंनी सुनेकडे.

‘तू जा,’ त्या म्हणाल्या. एंजल त्यांच्या खांद्यावर झोपली होती. ‘मी गेले तर रडेन. आणि तुझी वाट बघत असतील ते.’

आत गार होतं आणि यंत्रं टुकटुकत होती. सिल्व्हियाने दाराशी चप्पल नीट काढून ठेवली. पप्पा पलंगावर सपाट होते, सकाळच्यापेक्षा कितीतरी लहान. मांडीपाशी एक जण दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून, जखम दाबून बसला होता. त्यांनी तिला ओळखलं. ओळखलं आणि पहिली गोष्ट काय केली, तर तोंड पलीकडे वळवलं.

तेव्हा तिला दिसलं. नाकातून रक्ताचा थेंब ओठावर उतरत होता. औषध कामाला लागलं होतं.

हात उचलता येत नव्हता त्यांना, सुया होत्या. म्हणून ते नुसते भिंतीकडे बघत राहिले, तिच्यापासून तो थेंब लपवत. आणि मघाशी बाहेर जो चेहरा तिला बनवता येत नव्हता, तो हाच होता.

तिने इकडेतिकडे पाहिलं. कापूस दूर होता. खांद्यावर मात्र अजून दुपारचा तो झगा होता, अर्धवट वाळलेला, पोरीच्या मुताचा वास येणारा. तिने तो काढला, पप्पांची हनुवटी हळूच आपल्याकडे वळवली, आणि झग्याच्या काठाने, आतली पांढरी अक्षरं होती त्याच काठाने, ते रक्त पुसलं. त्यांनी मान झटकायचा प्रयत्न केला.

‘झगा,’ ते म्हणाले. आवाज नव्हता, नुसते ओठ हलले.

‘पडू द्या डाग,’ सिल्व्हिया म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला. ‘मी धुणार नाही.’

दुसरा थेंब आला. तिने तोही पुसला. जखम दाबून बसलेल्या माणसाने मान वर करून त्या जुन्या, कशिदा काढलेल्या कापडाकडे पाहिलं आणि तो पुन्हा दाबायला लागला.

पप्पांचं तोंड आता तिच्याकडे होतं. ते त्यांनी परत वळवलं नाही.